ओढ आणि सहवास



चालकांनी माझ्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असणार की, हा कामगार संघटनेचा माणूस, किमान वेतनावर बोलेल, नाहीतर नव्या कामगार संहितांवर बोलेल. मी कागदावर 'स्त्रीपुरुषांमधील आकर्षण आणि प्रेम' असे लिहून दिले. कागद घेऊन गेलेला मुलगा अर्ध्या वाटेवरून परत आला आणि म्हणाला, "काकानू, ह्या अक्षर तुमचाच मां?" अक्षर माझेच होते आणि विषयही माझाच आहे. तो माझा कसा, ते आधी सांगितले पाहिजे.

मी दहावीच्या पुढे शाळा पाहिली नाही. जे काही वाचले ते ग्रंथालयात, इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. परंतु तीस वर्षे मी काजूच्या कारखान्यांतल्या बायका, एस. टी.चे चालक-वाहक आणि हॉटेलांत राबणारी पोरे यांची गाऱ्हाणी ऐकत आलो आहे. माणूस येतो तो बदलीचा हुकूम किंवा नाकारलेल्या रजेचा अर्ज घेऊन येतो. पहिली पंधरा मिनिटे तो नियमांविषयी बोलतो. मग चहा येतो, आणि चहानंतर तो घराविषयी बोलू लागतो. 'बदली रद्द करून द्या' या मागणीच्या पोटात 'बायको आता माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही' हे दुःख मी कितीतरी वेळा पाहिले आहे. तेव्हा हा विषय कवींचा आहे तितकाच संघटनेच्या कचेरीचाही आहे.

विषय नाजूक आहे, हे मान्य. पण नाजूक विषयावर चारचौघांत बोलण्याची वाट आपल्याकडे कधीच पाडली गेली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ च्या जुलैपासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. त्यापायी गणिताची प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले अंगावर आले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. त्या माणसाने सोसले ते सोसले. आपल्याला आज फक्त खुर्चीत बसून ऐकायचे आहे.

आपली भाषा या बाबतीत फार शहाणी आहे. वेड लागते, ओढ लागते, लळा लागतो, जीव लागतो. तहान लागावी, भूक लागावी, तसे हे सारे 'लागते'. आपण ते करत नाही, ते आपल्याला होते, असा त्या क्रियापदाचा भाव आहे. पण ओढ लागणे आणि जीव लागणे या एकच गोष्टी नव्हेत, हेही भाषेला ठाऊक आहे. ओढ एका संध्याकाळी लागू शकते. जीव लागायला दिवस जावे लागतात. माझे आजचे सगळे बोलणे या दोहोंमधल्या अंतराविषयी आहे. आणि ते अंतर तोडायला माणसाला वेळ कोण देतो आणि कोण देत नाही, याविषयी आहे.

प्रथम ओढीचे पाहू. आपण समजतो की मन जगभर हिंडून आपले माणूस शोधते. वस्तुस्थिती पुष्कळ साधी आहे. जेम्स बॉसर्ड या समाजशास्त्रज्ञाने १९३२ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातले पाच हजार विवाह-परवाने तपासले. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश जोडप्यांची घरे लग्नाआधी एकमेकांपासून पाच गल्ल्यांच्या आत होती! ज्यांनी लालबाग-परळच्या चाळी पाहिल्या आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. एका गॅलरीत वीस बिऱ्हाडे, टोकाला एक नळ. त्या नळावर जितकी लग्ने जुळली तितकी कुठल्या मध्यस्थाने जुळवली नसतील. वारंवार दिसणारी गोष्ट मनाला आपली वाटू लागते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली प्रयोगांनी दाखवले. निरर्थक शब्द आणि अनोळखी चेहरेदेखील पुनःपुन्हा दाखवले की लोकांना आवडू लागतात.

दुसरी गोष्ट मात्र मनोरंजक आहे. कॅनडात व्हँकूव्हरजवळ कॅपिलानो नदीवर तारेच्या दोरखंडांचा झुलता पूल आहे. लांबी साडेचारशे फूट आणि खाली दोनशे तीस फुटांची दरी. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डटन आणि ॲरन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी त्या पुलावर एका तरुणीला उभे केले. पूल ओलांडणाऱ्या तरुणांना तिने काही प्रश्न विचारले आणि 'अधिक माहिती हवी तर फोन करा' म्हणून आपला नंबर दिला. जवळच्या एका ठेंगण्या, भक्कम पुलावरही तिने तेच केले. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या अठरा जणांपैकी नऊ जणांनी फोन केला. भक्कम पुलावरच्या सोळांपैकी दोघांनी. छाती धडधडत होती ती दरीच्या भीतीने, पण श्रेय गेले मुलीला. आपल्याकडे जत्रेच्या रात्री, दशावतार रंगात आलेला असताना, गर्दीत आणि अर्ध्या काळोखात जे जुळते, त्यात माणसाचा वाटा किती आणि मृदंगाचा किती, हे जुळलेल्यांनीच ठरवावे. मी काही म्हणत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे अनिश्चितता, आणि ती सर्वांत महत्त्वाची. डोरोथी टेनॉव्ह या बाईंनी शेकडो लोकांना त्यांच्या प्रेमाविषयी विचारले आणि १९७९ साली त्यावर पुस्तक लिहिले. ज्याला आपण 'वेड लागणे' म्हणतो, त्या अवस्थेला त्यांनी 'लिमरन्स' असे नवे नाव दिले. रात्रंदिवस एकच माणूस मनात, त्याच्या साध्या वाक्याचे दहा अर्थ, दोषही गुणांसारखे दिसणे, ही तिची लक्षणे. ती अवस्था कशावर जगते, तर आशा आणि शंका यांच्या मिश्रणावर. पूर्ण होकार मिळाला की ती हळूहळू शांत होते, आणि पूर्ण नकार मिळाला तरी कालांतराने विझते. 'असेल, नसेल' या फटीत मात्र ती वर्षानुवर्षे जळत राहते. म्हणजे दुरावा हे ओढीचे खतपाणी आहे. आणि दुरावा म्हटला की आपल्या जिल्ह्याएवढे ते शास्त्र जाणणारा मुलूख दुसरा नाही.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत रत्नागिरी जिल्हा हे तिचे माणसे पुरवणारे कोठार बनले. सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा नव्हता. तो १ मे १९८१ ला झाला. पुरुष मुंबईला गेला आणि बायको गावी राहिली. १९२१ आणि १९३१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेही स्त्रिया नव्हत्या; उलट १९६१ साली आपल्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे बाराशेहून अधिक स्त्रिया होत्या. तिकडचे उणे आणि इकडचे अधिक, हा हिशेब एकाच घराचा आहे.

हे असे का झाले? लोक म्हणतात, आपल्या माणसाला गावाची ओढ, म्हणून त्याने बिऱ्हाड केले नाही. ओढ होतीच. पण मुंबईत खोली घेऊन चार माणसे पोसता येतील एवढा पगार त्याला नव्हता, हे त्या ओढीच्या आधीचे कारण आहे. एका गावचे पंधरा-वीस लोक मिळून एक खोली घेत. दिवसपाळीचे रात्री झोपत, रातपाळीचे दिवसा. ट्रंक भिंतीशी, वळकटी ट्रंकेवर, जेवण खानावळीत. त्या खोलीत बायकोला आणून बसवायचे कुठे? गिरणीला एका माणसाच्या पोटापुरता पगार देऊन काम घेता येत होते. कारण त्याची म्हातारी, त्याची पोरे आणि त्याचे म्हातारपण कोकणातली एक बाई शेत कसून सांभाळत होती. तिला हजेरीपत्रक नव्हते.

अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजली. मुंबईला आलेल्या कामगाराचा बायकोसाठी झालेला विरह सांगता सांगता ती बेळगाव-कारवारच्या विरहावर येते. राजकारणाचा एवढा मोठा प्रश्न गिरणगावातल्या श्रोत्यांना एका झटक्यात कळला, कारण पहिला विरह त्यांना समजावून द्यावा लागत नव्हता.

आता आकडेमोड करू. चाकरमानी गणपतीला येई, नाहीतर शिमग्याला किंवा मे महिन्यात येई. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने, पुढे एस. टी.ने. येण्याजाण्याचे दिवस वजा करून वर्षाला महिनाभर धरू. पुष्कळांना तेवढाही मिळत नसे. तीस वर्षे नोकरी झाली. तीस वर्षांच्या संसारात नवरा-बायको एका छपराखाली किती राहिली? तीस महिने, म्हणजे अडीच वर्षे. आणि तेही सणाचे दिवस. घर पाहुण्यांनी भरलेले, नवरा नव्या शर्टात, बायको चुलीपुढे.

बरे, पत्रे होती म्हणावे, तर ती कशी होती? मनिऑर्डरच्या कागदाला खाली एक तुकडा असे आणि त्यावर चार ओळी लिहायला जागा. भात लावणीला माणसे घे, आईला औषध आण, इतक्यात जागा संपे. बायकोला लिहिता येत नसेल तर वाडीतला शाळकरी मुलगा पत्र लिहून देई. मी स्वतः अशी पत्रे लिहिली आहेत. सारी खुशाली लिहून झाली की मी विचारायचो, "काकी, आणखी काय लिहू?" त्या जरा वेळ अंगणाकडे बघत. मग म्हणत, म्हैस व्याली म्हणून लिही. मला त्या वेळी म्हशीचेच कौतुक वाटे. दहा वर्षांच्या पोराला जे सांगता येत नाही ते पत्रात कसे येणार, आणि तिकडे वीस जणांच्या खोलीत मोठ्याने वाचले जाणारे पत्र ऐकून त्याला तरी काय कळणार?

याचा परिणाम असा झाला की ओढ टिकली, नव्हे, वाढली. दूर असलेल्या माणसाचा मनात देव होतो. त्याचे घोरणे ऐकू येत नाही, तिचा थकवा दिसत नाही. वर्षाचे अकरा महिने दोघे आपापल्या मनातल्या मूर्तीशी संसार करत आणि बाराव्या महिन्यात खऱ्या माणसाची गाठ पडे. ती गाठ नीट बसायच्या आत बोट सुटे.

जीव मात्र कुठे लागतो? जॉन बॉल्बी या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञाने लहान मुलांचा अभ्यास करून दाखवले की मूल ज्याच्याजवळ भ्याले असता धावते, ज्याच्या जाण्याने कासावीस होते आणि ज्याच्या भरवशावर दूर खेळायला जाते, त्याच्याशी त्याचा जीव बांधला जातो. नुसते खायला घालणे पुरत नाही. पुढे १९८७ साली हॅझन आणि शेव्हर यांनी अमेरिकेतल्या डेनव्हरच्या एका वर्तमानपत्रात प्रेमाविषयीची प्रश्नावली छापली आणि आलेल्या उत्तरांवरून असे मांडले की मोठ्या स्त्रीपुरुषांचे प्रेमही याच जातीचे असते. उत्तरे देणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक लोक जोडीदारावर निर्धास्तपणे विसंबणारे होते. बाकीच्यांपैकी कोणी सारखे धास्तावलेले, कोणी जवळीक टाळणारे. आपल्याला हे सांगायला डेनव्हरला जायला नको. होडी खोल समुद्रात जाते ती मागे बंदर आहे म्हणून. वाऱ्याची चिन्हे दिसली की तांडेल ज्या दिशेला सुकाणू वळवतो, ते त्याचे बंदर.

तर मग गिरणीतून अंग मोडून आलेला माणूस कोणाकडे वळत होता? खोलीतल्या गाववाल्याकडे, तो ताप आला तर डोक्यावर पट्टी ठेवी. नाहीतर खानावळवाल्या बाईकडे. ती चार घास गरम वाढी आणि 'आज जेवलास नाय नीट' म्हणून हटकी. काहींची तिथे दुसरी घरे झाली. गावाने त्याला बाहेरख्याली म्हटले. मी त्याचे समर्थन करत नाही. गावी थांबलेल्या बाईवर तो अन्यायच होता आणि तिला तशी मुभा कोणी दिलीही नसती. परंतु जिथे शीण उतरतो तिथे जीव गुंततो, हा नियम काही लालबागने काढलेला नाही. इकडे तिचाही जीव गुंतला तो जावेत, शेजारणीत, क्वचित सासूतही. नवऱ्याचे नाव कुंकवात होते आणि आसरा शेजारच्या खळ्यात होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याचे पुढारी डॉ. दत्ता सामंत इथल्या देवबागचे. त्या संपाच्या राजकारणात मी आज शिरत नाही. तो कागदोपत्री कधी मागे घेतला गेला नाही, आणि हजारो माणसांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. त्यांतले पुष्कळ गावी आले आणि इथेच राहिले. इतिहासाची पुस्तके त्यांच्या देण्याघेण्याचा हिशेब मांडतात. परंतु त्या साली आणखी एक गोष्ट घडली. चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी जोडप्यांनी अख्खा पावसाळा एकत्र काढण्याची ती पहिली वेळ होती.

काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईने पुढे बऱ्याच वर्षांनी मला हे सांगितले. त्या म्हणाल्या, "झिला, वीस वर्सां वाट बघलंय, आणि तो इलो तेव्हा तेका खय बसवूचो ता कळला नाय." घर तिचे होते. शेतात काय पेरायचे, बैल कधी विकायचा, मुलीला कुठे द्यायचे, हे सगळे ती ठरवत आली होती. तो दोन दिवस पाहुणा म्हणून शोभला. दहाव्या दिवशी भांड्याला भांडे लागू लागले. भातात मीठ कमी म्हणाला, तर तिने विचारले, वीस वर्षे कोणाच्या हातचे खाल्ले? त्याला राग आला, कारण प्रश्न रास्त होता. पैसा आणणारा म्हणून त्याची जी किंमत होती ती संपाने काढून घेतली होती, आणि तो दुसरे काय आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हते. मग एक दिवस तो तिच्या घागरी घेऊन विहिरीवर गेला. बायका हसल्या. घोवाला पाणी भरायला लावले म्हणून तिलाच टोमणे बसले. त्याने घागरी ठेवल्या. पण दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे, काळोखात, कोणी उठायच्या आत पाणी भरून ठेवू लागला. ती उठे तेव्हा हंडे भरलेले असत आणि तो पुन्हा झोपलेला असे, किंवा झोपल्यासारखा. हे वर्षभर चालले. त्यावर दोघे कधी एक शब्द बोलली नाहीत. त्या मला म्हणाल्या, "तेव्हा माका तो आवडूक लागलो." तीन मुले झाल्यावर, लग्नाला वीस वर्षे झाल्यावर!

सगळ्याच घरांत असे झाले नाही, हे सांगितले पाहिजे. पुष्कळांनी दारू जवळ केली. काही घरांत ओटीवर एक माणूस आणि माजघरात एक माणूस, अशी उरलेली वर्षे गेली. वीस वर्षे जे पेरले नव्हते ते एका पावसात उगवेल, ही अपेक्षाच चुकीची.

त्या हंड्यांविषयी मी पुष्कळ विचार केला आणि मग मला जॉन गॉटमन यांचे लिखाण सापडले. अमेरिकेतल्या सिॲटल येथे त्यांनी नवविवाहित जोडप्यांना एका घरात ठेवून त्यांचे वागणे बारकाईने टिपले. त्यांनी भांडणे मोजलीच; पण आणखी एक बारीक गोष्ट मोजली. एकाने म्हटले, 'बघ, केवढा ढग आलाय', तर दुसरा मान वर करतो का? सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती, त्यांनी अशा हाकेला शंभरांतून शहाऐंशी वेळा ओ दिली होती. जी विभक्त झाली त्यांनी तेहतीस वेळा. म्हणजे जीव लागणे हे मोठ्या त्यागात नसून असल्या ढगांत असते. पण ढग दाखवायला दुसरा माणूस जवळ असावा लागतो. दुसऱ्या पाळीवरून रात्री बाराला आलेल्या माणसाला कोण ढग दाखवणार?

लोक मला विचारतात, मग प्रेमविवाह बरा की ठरवून केलेला? त्याच १९८२ साली जयपूरच्या दोन संशोधकांनी, गुप्ता आणि सिंह यांनी, पन्नास जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रेमविवाहातले प्रेम पहिल्या वर्षांत वरचढ आणि पाच वर्षांनंतर उतरणीला. ठरवलेल्या लग्नातले हळूहळू चढणीला, असे त्यांना दिसले. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना हे फार आवडते. पण पन्नास जोडपी म्हणजे काही देश नव्हे. अमेरिकेतल्या भारतीय जोडप्यांत पुढे झालेल्या अभ्यासात दोन्ही प्रकारच्या लग्नांत फरक आढळला नाही. मला तर वाटते की प्रश्नच चुकीचा विचारला जातो. लग्न कसे जुळले यापेक्षा पुढे दोघांना किती आणि कसा सहवास मिळाला, हे विचारावे. जुनी ओढ वर्षांनी मरतेच, असेही नाही. सरासरी एकवीस वर्षे संसार झालेल्या आणि अजून एकमेकांवर लुब्ध असलेल्या सतरा जणांच्या मेंदूची तपासणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. नव्या प्रेमिकांच्या मेंदूचा जो भाग उजळतो तोच त्यांचाही उजळला. नव्या प्रेमातली धास्ती तेवढी दिसली नाही.

विरोधाने प्रेम वाढते, हाही एक समज आहे. ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली कोलोरॅडोतल्या १४० जोडप्यांवरून तसे मांडले आणि त्याला रोमिओ-ज्युलिएटचे नाव मिळाले. २०१४ साली इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा उलट दिसले. घरच्यांची संमती असेल तिथे प्रेम अधिक टिकून होते. मूळ अभ्यासातही विरोधाबरोबर परस्परांवरचा विश्वास कमी होत असल्याचे नोंदलेले होतेच. ते कोणी वाचले नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण जातीबाहेर लग्न केले म्हणून पोटच्या मुलीशी बोलणे टाकलेली घरे या सभागृहापासून फार लांब नाहीत. 'खरे असेल तर टिकेल' असे म्हणून हे आईबाप दार लावून घेतात. नव्या संसाराला तापातल्या पोराजवळ बसायला एक माणूस लागतो, अडीअडचणीला हजार रुपये लागतात. ते सगळे काढून घ्यायचे आणि मग दोघे भांडली की 'बघा, आम्ही सांगितले होते' म्हणायचे, ही परीक्षा नव्हे. मालक संप मोडतात तो मार्ग मी चांगला ओळखतो, तो हाच.

तरुणांसाठी दोन शब्द. टेनॉव्हबाईंचे सांगणे ध्यानात ठेवा. ज्याला नकार द्यायचा त्याला स्वच्छ नकार द्या. 'बघू' म्हणणे ही दया नव्हे. आणि नकार मिळाला की तो नकारच समजा. नायक मुलीच्या मागे मागे फिरतो आणि शेवटी ती वळते, अशा चित्रपटांना आपण सर्वांनी टाळ्या दिल्या आहेत. पण त्या मुलीच्या जागी आपली बहीण उभी करून पाहावी. कामाच्या ठिकाणी तर याला आणखी एक बाजू आहे. जिची हजेरी आणि मजुरी तुमच्या सहीवर आहे, तिचे हसणे हे प्रेम आहे की भीती, हे तुम्हाला कळण्याचा मार्गच नाही. जिथे 'नाही' म्हणण्याची सोय नाही तिथल्या 'हो'वर विसंबू नका. २०१३ सालचा कायदा आहे, तो आहेच.

चाकरमानी अजून आहे. फक्त त्याची खोली बदलली. तो गोव्याच्या हॉटेलात आहे, आखातात आहे, जहाजावर नऊ-नऊ महिने आहे. आता तीही जाते. नर्स म्हणून पुण्याला, दुकानात कामाला म्हणून पणजीला. २०११ च्या जनगणनेतही सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. मनिऑर्डरच्या तुकड्याची जागा फोनने घेतली, चेहरा समोर दिसतो, हे उपकारच. पण तो चेहरा ठरलेल्या वेळी दिसतो, सावरून बसलेला दिसतो. आणि बाकीचा दिवस निळ्या खुणा बघण्यात जातो. वाचले, मग उत्तर का नाही? 'असेल, नसेल'ची ती फट आता खिशात घेऊन हिंडता येते. ओढीला याहून चांगले खत नाही. हंडे मात्र फोनवरून भरता येत नाहीत.

शासकीय नोकरांच्या बदल्यांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' असा एक शब्द आहे. शब्द रूक्ष आहे, पण मला तो आवडतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बाबतीत, दोघांच्या नोकरीच्या गावांतले अंतर तीस किलोमीटरहून अधिक असेल तर बदलीत त्यांना प्राधान्य देण्याची सोय झाली. म्हणजे नवरा-बायकोने जवळ राहणे ही गोष्ट शासनाने एकदा तरी किलोमीटरमध्ये मोजली. कंत्राटी वाहक, हॉटेलातला आचारी आणि काजूवाली यांच्यासाठी असा कुठलाही आकडा नाही. आठवड्याची सुट्टी दोघांना एकाच वारी मिळावी, एवढी साधी मागणी आम्ही यंदा एका मागणीपत्रात घातली. मालकांच्या प्रतिनिधीने चष्मा काढून ती दोनदा वाचली आणि विचारले, "हे कलम कोणत्या कायद्यात बसते?" मी म्हटले, अजून बसत नाही. पुढची बैठक पावसाआधी आहे.